आमच्या लढाईला सर्व्हे नंबर नव्हता

“लढाई झाली ते ठीक आहे, काकू. पण सर्व्हे नंबर कुठला?”

खिडकीतल्या माणसाचं काही चुकत नव्हतं. मी चार पानी अर्ज नेला होता. पुण्याजवळची खडकीची लढाई : ५ नोव्हेंबर १८१७, दुसरा बाजीराव पर्वतीवर, बापू गोखले गणेशखिंडीच्या माळावर, पेशव्यांची सुमारे २८ हजारांची फौज आणि समोर इंग्रजांच्या कर्नल बरचे जेमतेम २,८०० लोक. शेवटी विनंती : खडकी आणि गणेशखिंडीच्या मधे जो थोडा मोकळा माळ उरलाय, त्यातला एक तुकडा रणभूमी म्हणून राखा, त्यावर उद्यानाचं आरक्षण टाका. अर्जात सगळं होतं, फक्त जमीन नव्हती.

आता लढाई काही कुंपण घालून होत नाही. जिथे घोडे धावले तिथे आज विद्यापीठ आहे, रेल्वे आहे, कारखाना आहे, आमच्यासारख्यांच्या सोसायट्या आहेत. म्हणून मी रोजच्या फिरण्याच्या वाटेवरचा एकच पट्टा धरला. नकाशावर बोट ठेवून नंबर शोधले, झोन दाखला, म्हणजे आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवलीय त्याचा कागद, काढला. मालकी कळेना म्हणून माहितीचा अधिकार. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं : ‘सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ अरे, मग ज्याच्या अखत्यारीत येते त्याच्याकडे पाच दिवसांत अर्ज पाठवायचा असतो, कलम ६(३) तेच सांगतं! प्रथम अपिलात एवढंच लिहिलं, तेव्हा कुठे कळलं की अर्धा पट्टा कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत जातो. तिथे महापालिकेचा विकास आराखडा चालत नाही. तो अर्धा सोडून दिला. सोडताना जिवावर आलं, पण दोन्ही धरले असते तर फाइल जन्मभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरली असती.

खरा अडसर पुढे होता. दुसऱ्या एका कार्यालयानं कळवलं : ‘जागेवर संरक्षणयोग्य वास्तू आढळून येत नाही.’

यावर काय बोलणार? शनिवारवाड्याला दरवाजा आहे, विश्रामबागवाड्याला खांब आहेत. इथे गवत. पण रणभूमीचा पुरावा म्हणजे जमिनीचा उतार आणि खोलगटच. त्या दिवशी गोखल्यांच्या घोडदळानं इंग्रजांच्या सातव्या पलटणीवर चाल केली आणि मधल्या दलदलीत पुढचे घोडे रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले. जरीपटक्याचे मोरो दीक्षित पडले. दहापट फौज असून माघार का घ्यावी लागली, हे पुस्तकातून अर्धवटच कळतं. माळावर उभं राहिलं की पायांना कळतं. त्यानंतर बारा दिवसांत, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला होता.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “हरलेल्या लढाईची बाग कशाला हवी?” मी म्हटलं, “पानिपतला काला आंबचं स्मारक आहेच की.” ते गप्प बसले. पटलं म्हणून की दूध उतू जात होतं म्हणून, देव जाणे.

वाट सापडली ती शेजारीच. १८७३ सालची गणेशखिंड बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेव्हा लक्षात आलं, नुसत्या इतिहासावर फाइल हलत नाही. अर्ज दीड पानावर आणला. पहिल्या ओळीत सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ, सोबत नकाशा, जुनी झाडं, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं त्याचे फोटो. १८१७ ला एक परिच्छेद. आणि मागणी स्पष्ट : नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल. ही वाट लांबची. ठराव, हरकती, मग राज्य सरकारची मंजुरी. तरी निदान वाट आहे. आवक क्रमांक मात्र लगेच टिपून घ्या. माझा पहिला अर्ज त्यापायीच गहाळ झाला.

एक ओळ मी तीनदा खोडून पुन्हा लिहिली : ‘सपाटीकरण व भराव करू नये.’ ‘उद्यान’ म्हटलं की आपल्याकडे पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि प्रवेशद्वारावर सिमेंटचा घोडा येतो. खोलगट बुजवला की लढाई गेली, मग तिथे इमारत असो की बाग. मला बिल्डरइतकीच कारंज्याची भीती वाटते.

जुलैत स्थळपाहणी झाली. दोघे जण आले, सोबत टेप. खोलगटापाशी पोचलो आणि त्यातल्या तरुण मुलाचा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला. ओढला तर पाय बाहेर आला, बूट आतच. तीच दलदल, असं मी म्हणणार नाही. दोनशे वर्षांत पाण्यानं किती वाटा बदलल्या असतील! पण मला हसू आवरेना. तोही हसला. “काकू, हे लिहू का?”

“लिही की.”

त्यानं काठीनं बूट उपसला, झाडाला टेकून पायात घातला आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं : ‘जागा मोकळी. पाणी साचते. बांधकाम आढळून आले नाही.’

खाली मी सही केली. फाइल सध्या पुढच्या टेबलावर आहे, दर मंगळवारी विचारायला जाते.