ऐरणीतला खळगा

मला लोहारकामाचा नाद लागला आणि जुनी ऐरण घरी आली तेव्हा ती उचलायला आम्ही तिघंजण होतो आणि उरलेल्या दोघांचं एकमत झालं होतं की हा माणूस आता कामातून गेलाय. साठेक किलोचा गंजलेला ठोकळा, एका टोकाला शिंग, दुसऱ्या टोकाला एक चौकोनी भोक, कडा ठिकठिकाणी उडालेल्या, आणि माथा मधोमध चक्क दबलेला. स्टीलची पट्टी आडवी ठेवली की खालून उजेड दिसायचा, चांगला दोन-तीन मिलिमीटरचा. आणि हे ध्यान मी तपासून, पारखून वगैरे घेतलं होतं.

पारखून म्हणजे काय, तर खिशात बेअरिंगमधली एक गोळी घेऊन गेलो होतो. ही गोळी वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडायची. माथा कडक पोलादाचा असेल तर ती टणकन उसळून जवळजवळ हातात परत येते, नुसतं ओतीव लोखंड असेल तर दोनदा टुकटुक करते आणि बसते. विकणारा माणूस माझ्याकडे असा बघत होता की हा खरेदीला आलाय का गोट्या खेळायला. पण गोळी उसळली, मस्त उसळली, आणि त्या आनंदात मी पट्टी लावून बघायचं विसरलो. खळगा घरी आल्यावर दिसला.

पहिला विचार अर्थातच ग्राइंडर. घासून सपाट करून टाकू, चकाचक दिसेल. नशीब की त्या दिवशी ग्राइंडरची चकती संपली होती, कारण मधल्या दोन दिवसांत वाचनात आलं की जुन्या ऐरणींचं अंग बरेचदा मऊ लोखंडाचं असतं आणि वर फक्त कडक पोलादाचा एक थर बसवलेला असतो. मी सपाटीच्या नादात नेमका तोच थर उडवणार होतो. गंज जाळायला भट्टीत घालायचाही एक विचार होता, तो तर त्याहून थोर, तापून हळूहळू गार झाली की सगळा कडकपणा गेला, मग उरतो तो कागद उडू नयेत म्हणून ठेवायचा दगड. शेवटी तारेच्या ब्रशने खरवडून तेलाचा हात फिरवला आणि ओंडक्यावर खिळवून टाकली. उंची बेताची हवी, उभं राहून हात सैल सोडला तर मुठीची हाडं माथ्याला लागावीत इतकीच, नाहीतर कंबर नाहीतर खांदा, दोघांपैकी एक बोंबलणार.

बाकीचा संसार असाच गोळा झाला. भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून एक पाइप, आणि पाइपाच्या तोंडाला भात्याऐवजी जुना हेअर ड्रायर. त्या ड्रायरने आयुष्यभर जे केलं नसेल ते पहिल्याच दिवशी केलं. मी फुल्ल स्पीडवर लावून सळई निखाऱ्यात खुपसली आणि हातोडा कुठे ठेवलाय ते शोधायला लागलो, परत बघतो तर फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या, सळई बाहेर काढली तर पुढचं टोकच नाही. लोखंड जळतं हे मला खरंच माहीत नव्हतं, वितळत असेल, वाकत असेल, पण जळतं? जळतं. लालच्या पुढे नारिंगी, नारिंगीच्या पुढे पिवळं, आणि पांढरं होऊन तडतडायला लागलं की संपलं, तो तुकडा कापून टाकायचा. म्हणून भट्टी सावलीत ठेवायची, उन्हात रंगच कळत नाही, भगभगीत नारिंगी सळईसुद्धा काळपट दिसते. आणि काळी दिसणारी सळई गार असते ही दुसरी गैरसमजूत, ती माझी अंगठ्याने काढली. आता उचलायच्या आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघतो.

हातोड्याचंही असंच. मी आधी दोन किलोचा घेतला होता, का तर लोहार म्हटल्यावर डोळ्यांसमोर तेच येतं. तीन दिवस हात वर जाईना, शर्ट घालताना बाही आधी आणि हात नंतर अशी अवस्था. मग नऊशे ग्रॅमचा एक जुना मिळाला, दांड्यावर अंगठ्याच्या जागी हलकीशी खाच पडलेली, कुणाच्या तरी अंगठ्याने वर्षानुवर्षं घासून घासून. माझा अंगठा तिथे बसत नाही, जरा पुढे येतो. डोकं सैल होतं ते मी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं, लाकूड फुगलं, घट्ट झालं, मी खूश. चार दिवसांनी लाकूड वाळलं आणि आधीपेक्षा जास्त डुगडुगायला लागलं. तेव्हा पाचर ठोका, पाण्याचे लाड करू नका. आणि हातोड्याच्या तोंडाच्या कडा कानशीने गोल करून घ्या, नाहीतर तापलेल्या लोखंडावर प्रत्येक घावाला नखासारखी एक चंद्रकोर उमटते आणि मग ती घालवायला दहा घाव, त्या दहांच्या दहा चंद्रकोरी.

जुन्या सामानात मला सगळ्यात जास्त फसवलं ते सांडशीने. दिसायला सांडशी ती सांडशी, पण प्रत्येक सांडशी कुठल्यातरी एका जाडीसाठी केलेली असते हे कळायला एक लालभडक तुकडा जबड्यातून निसटून माझ्या बुटाशेजारी पडावा लागला. बूट चामड्याचा होता म्हणून हे आज गमतीत लिहितोय. आता तीच सांडशी तापवून, जबड्यात हव्या त्या जाडीची पट्टी धरून, वरून ठोकून बसवून घेतली आहे.

आणि फुकटचं लोखंड. तुम्हाला हा नाद लागलाय असं कळलं की लोक घरातलं लोखंड आणून देतात, मुख्य म्हणजे जुने पाण्याचे पाइप, ते सगळं घेऊ नका. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे आपली सळई जिथे नारिंगी होते साधारण तिथेच. पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. मी पाइप परत केला तर देणाऱ्याला वाटलं मला आता चांगलंच लोखंड लागतं.

चांगलं लोखंड मात्र भंगारातच मिळतं, गाडीच्या पाट्याच्या स्प्रिंगा, जुन्या कानशी. साध्या सळईत कार्बन इतका कमी की तिला कितीही पाणी पाजा, म्हणजे तापवून कडक होण्यासाठी झटकन बुडवा, धार काही राहत नाही. कानशीत एक टक्क्याच्या आसपास असतो. धार लावायचं हत्यार करायचं तर ते तापवताना चुंबक जवळ ठेवतो, ७७० अंशांच्या सुमाराला लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, इतका वेळ चिकटणारी पट्टी अचानक ओळखच दाखवत नाही, त्यानंतर जरासंच आणखी तापवायचं आणि बुडवायचं. आमच्या कानात ‘पाणी पाजणं’ बसलेलं, म्हणून मी कानशीचं पातं सरळ बादलीत घातलं. टिक असा बारीकसा आवाज आला. केसाएवढी चीर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दोन संध्याकाळींचं काम. हल्ली कोमट तेलात बुडवतो, आणि ते बुडवायचं धाडस होईपर्यंत साधे एस आकाराचे हूकच करतो, घरात आता टांगायच्या वस्तूंपेक्षा हूक जास्त झालेत.

या हुकांमुळेच खळगा कळला. सळई सरळ करायची होती. सपाट जागेवर ठोकली की ती सरळ झाल्यासारखी वाटते आणि उचलली की पुन्हा जराशी वाकलेली, कारण लोखंडाला थोडं उलट्या बाजूला नेल्याशिवाय ते सरळ होत नाही. कंटाळून एकदा मी कुबड वर ठेवून ती मधल्या खळग्यावर आडवी धरली आणि ठोकली. सळई खळग्यात थोडीशी पुढे दबली, परत आली, सरळ. दुसरी घेतली, तीही. जी जागा मी घासून काढणार होतो ती आता माझी सगळ्यात लाडकी जागा आहे. आधीच्या माणसाने तिथे नेमकं काय ठोकलं असेल याचा मी कधीकधी विचार करतो, अंगठा माझ्यापेक्षा मागे ठेवणारा हातोडेवाला आणि हा खळगेवाला एकच नसणार हे माहीत असूनही माझ्या डोक्यात ते एकच झालेत.

गेल्या आठवड्यात घाईघाईत छिन्नीने तोडायचं काम शिंगाजवळच्या मऊ पायरीवर करायच्याऐवजी थेट माथ्यावर केलं, शेवटचा घाव आरपार गेला. ऐरणीवर तिरका, तांदळाएवढा एक चरा. बाकीचे चरे गंजून काळे झालेत, हा अजून चमकतोय.