कायनान्स कोव्ह: ओहोटीला उघडणारी पुळण

कायनान्स कोव्हला जायचं तर हवामानाच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. कॉर्नवॉलच्या लिझर्ड द्वीपकल्पावर, ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या दक्षिण टोकापासून कड्याकड्याने तीनेक किलोमीटरवर ही जागा आहे. ओहोटीला इथे खडकांच्या मधून पांढरी पुळण उघडी पडते, भरतीला जवळपास सगळीच पाण्याखाली जाते. म्हणून ओहोटीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून चार तास आपले, बाकीचे समुद्राचे.

आई गुहागरहून आली होती, आणि तिला वेळापत्रक वगैरे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा तिचा कोकणी हिशोब. त्या दिवशी वद्य द्वितीया होती. "म्हणजे दीडला भरती. आणि तू मला दुपारची कुठे समुद्रात नेतेस?" मी तिला छापील तक्ता दाखवला: ओहोटी, एकच्या सुमारास. इथे अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दिवसांत मोठी भरती सकाळ-संध्याकाळ येते आणि मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, भर दुपारी. कोकणच्या बरोबर उलट. आईने तक्ता दोनदा वाचला आणि मग गाडीत बसली.

हेल्स्टन गाव सोडल्यावर झाडं कमी होत जातात आणि सपाट माळ लागतो. गाडी कड्यावरच्या वाहनतळावर लावून खाली चालत जायचं. ही सगळी जागा नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था सांभाळते. एक वाट पायऱ्यांची, उभी. दुसरी लांबची पण सोपी. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही लांबची घेतली आणि बरंच झालं, कारण त्या वाटेवर हेदरच्या झुडपांची गुलाबी फुलं पसरली होती. कॉर्निश हीथ नावाची ही जात ब्रिटनमध्ये मुख्यतः या द्वीपकल्पावरच उगवते. तिला इथल्या दगडाची माती मानवते.

दगडाबद्दल मला जरा थांबून सांगायचंय. हा सर्पेंटाइन. आपला सह्याद्री लाव्हारसाचा, हा त्याहून खोलचा: पृथ्वीच्या कवचाखालचा, प्रावरणातला खडक. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी एक समुद्र मिटत असताना तो वर ढकलला गेला आणि पाण्याच्या संगतीत त्याचं रूप पालटलं. खाली उतरून ओल्या कातळावर हात ठेवला तेव्हा हिरव्यात लाल आणि पांढऱ्या शिरा दिसल्या, सापाच्या कातीसारख्या. लाटांनी घासून तो इतका गुळगुळीत झालाय की पाय घसरतो. चपला घालून येऊ नका, पकड असलेले बूट हवेत.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी अजून उतरत होतं. पुळणीच्या मधोमध ॲस्परॅगस आयलंड उभं आहे. तिथे रानटी शतावरी सापडते, त्यावरून नाव पडलं. भरतीला ते खरोखर बेट असतं. आता आम्ही कोरड्या वाळूवरून त्याच्या पायथ्याशी गेलो. त्याच्या पोटातल्या एका भेगेत लाट शिरली की आतली हवा कोंडते आणि पाण्याचा फवारा धाडकन बाहेर येतो. 'डेव्हिल्स बेलोज' म्हणतात त्याला, सैतानाचा भाता. आई प्रत्येक फवाऱ्याला "आला, आला!" म्हणत होती. शेजारच्या गुहांना दिवाणखाना, बैठक अशी घरगुती नावं आहेत. १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट मुलांना घेऊन इथे आले होते. व्हिक्टोरियन काळात या जागेचा बोलबाला झाला तो आजतागायत टिकलाय. उन्हाळ्यात वाहनतळ लवकर भरतो, सकाळी या.

पाण्याचा रंग फोटोत दिसतो तसाच आहे, उथळ जागी हिरवा आणि खडकाजवळ गर्द निळा. पण उन्हाळ्यातही ते गार. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले, तेवढं पुरे झालं. इथे जीवरक्षक नसतात आणि ओढ जोराची असते, हेही लक्षात ठेवा.

उधाणाच्या दिवसांत इथे पाणी पाचेक मीटर चढ-उतार करतं, रत्नागिरीच्या साधारण दुप्पट. त्यामुळे पाणी फिरलं की वेगाने येतं. आईने ते माझ्याआधी ओळखलं. बेटामागच्या खाचेतली वाळू ओली व्हायला लागली होती. "चल, उचल पिशव्या," ती म्हणाली. आम्ही वरच्या कॅफेपर्यंत येईतो दोन बाजूंचं पाणी बेटापुढे एकमेकांना भिडलं होतं. मुलं, बादल्या, कुत्रे, सगळेच वर सरकत होते.

कड्यावर चहा घेत बसलो असताना लाल चोचीचे, लाल पायांचे दोन काळे पक्षी वाऱ्यावर गेले. चफ. कॉर्नवॉलच्या राजचिन्हातला हा पक्षी इथून नाहीसा झाला होता. २००१ मध्ये काही पक्षी आपणहून लिझर्डवर परतले आणि पुढच्या वर्षी त्यांनी घरटंही केलं. मला ते दिसणं पुळणीइतकंच मोलाचं वाटलं.

आता अष्टमीच्या आसपास यायचंय. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, त्यामुळे पुळण कमी उघडेल, पण ओहोटी संध्याकाळी सहा-सातला येईल आणि उन्हाळ्यात त्यानंतरही इथे दोन-तीन तास उजेड असतो. ती तारीख आईच शोधून देणार आहे.