अनसेफ लिहूनही कंपाइलर ऐकेना: माझा अनुभव

सी भाषेतला एक जुना यूएआरटी ड्रायव्हर (चिपला सीरियल तारेवरून बाइट घेऊ देणारा कोड) रस्ट या भाषेत आणायचा, एवढंच काम होतं. टूलचेन, लिंकर स्क्रिप्ट, एलईडी लुकलुकणं पहिल्या दुपारीच उरकलं. पुढचे चार दिवस मी रिंग बफरपाशी (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरला जाणारा साठा) अडकून होतो.

सीरियलवरून आलेला बाइट इंटरप्ट हँडलर (बाइट आला की चालू काम मध्येच थांबवून पळणारं फंक्शन) त्या बफरमध्ये टाकतो, मेन लूप तो काढून घेतो. सीमध्ये हा साधा ग्लोबल अ‍ॅरे, सोबत किती बाइट शिल्लक आहेत ते सांगणारा काउंट. रस्टमध्ये मी दोन्ही 'स्टॅटिक म्यूट' (बदलता येणारे ग्लोबल) केले, भोवती अनसेफ ('इथली जबाबदारी माझी' असं कंपाइलरला सांगणारा ब्लॉक) घातलं, तरी बिल्ड अडलं. अनसेफ लिहिलं की कंपाइलर डोळे मिटतो, अशी माझी समजूत. पण रस्टच्या 2024 एडिशनमध्ये (ती फेब्रुवारी 2025 ला रस्ट 1.85 सोबत आली) स्टॅटिक म्यूटचा रेफरन्स घेतला की थेट एररच येते. मी बघून बघून लिहीत होतो ती उदाहरणं त्याआधीची.

चडफडत तो लिंट (ही एरर देणारी कंपाइलरची तपासणी) बंद केला. डीबग बिल्ड पळालं, मी खूश. रिलीज बिल्ड टाकलं आणि बोर्ड मुका. मेन लूप 'काउंट शून्य आहे का' हे विचारत बसला होता, आणि ऑप्टिमायझरने ती किंमत एकदाच वाचून ठेवली होती. लूपच्या आत तिला कोणी हात लावत नव्हतं ना! सीमध्ये तिथे व्होलटाइल ('दर वेळी मेमरीतून नव्याने वाच' असं बजावणारा शब्द) होतं, ते आणताना मीच गाळलं.

मग शहाण्यासारखा अ‍ॅटॉमिककडे वळलो, म्हणजे इंटरप्ट मध्येच आला तरी न बिघडणाऱ्या व्हेरिएबलकडे. काउंट वाढवायला 'फेच_अ‍ॅड' लिहिलं, तर म्हणे अशी मेथडच नाही. अर्धा दिवस इम्पोर्ट तपासण्यात घालवला. चूक इम्पोर्टची नव्हतीच. माझ्या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम0 प्रोसेसरमध्ये वाचा-वाढवा-लिहा एका दमात करणारी सोय नाही, त्यामुळे तिथे अ‍ॅटॉमिकला फक्त लोड (वाचणं) आणि स्टोअर (लिहिणं) मिळतं. तुमचा चिप एम0 असेल तर हे आधी बघा, माझ्यासारखं शेवटी नको.

काउंट शेवटी काढूनच टाकला. हेड (पुढचा बाइट कुठे टाकायचा) फक्त इंटरप्ट बदलतो, टेल (पुढचा कुठून काढायचा) फक्त मेन लूप. दोघांना लोड-स्टोअर पुरतं. दोन्ही सारखे म्हणजे बफर रिकामा. एक जागा कायम मोकळी सोडावी लागते, तेवढं चालतं. अ‍ॅरे अनसेफसेलमध्ये (आतलं बदलू देणारं रस्टचं वेष्टन) ठेवला आणि सिंकची, म्हणजे दोन्हीकडून वापरणं सुरक्षित असल्याची, हमी स्वतः लिहून दिली.

हो, एक राहिलंच: हँडलरमध्ये पुन्हा 'पेरिफेरल्स::टेक' (चिपच्या हार्डवेअरचा ताबा मागणारा कॉल) मारू नका. ते एकदाच देतं, दुसऱ्यांदा 'नन', म्हणजे काहीच नाही. वर अनरॅप केलंत (आत किंमत आहेच असं धरून काढायला गेलात) तर पॅनिक, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो, आणि पॅनिक झाल्यावर नुसता थांबणारा हँडलर असेल तर कळतच नाही कुठे मेलं. पहिल्या दिवशीच काहीतरी छापणारा लावा.

परवा सीची जुनी फाइल उघडली. मेन लूप काउंट कमी करतो, इंटरप्ट वाढवतो, आणि कमी करताना इंटरप्ट बंद केलेले नाहीत. मधल्या त्या दोन-तीन प्रोसेसर-सूचनांत बाइट आला तर वाढवलेला आकडा पुसला जातो; बाइट बफरमध्येच, पण मोजणीत नाही. तो ड्रायव्हर अजून चालू आहे. 'कधीकधी एखादं अक्षर उशिरा येतं' ही त्याच्याविषयीची तक्रार मी आजवर केबलवर ढकलत आलो होतो.