बोटीची फाइल

आमची बोट घेऊन परदेशी बंदरात शिरलो, तेव्हा पासपोर्ट, व्हिसा सगळ्यांचे चोख होते. अडलं ते बोटीच्या कागदांवर. नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स अधिकाऱ्याने न वाचताच परत सरकवली. मूळ प्रत हवी! ती निघाली सागरी नकाशांच्या टेबलाच्या तळातून, कोपरा खाऱ्या पाण्याने फुगलेला. मागच्या बंदराचं क्लिअरन्स (तिथून निघण्याची परवानगी), विमा, रेडिओचा परवाना होताच. पण खलाशांच्या यादीत बायकोच्या नावाचं एक अक्षर पासपोर्टशी जुळेना. मग यादी पुन्हा, चार प्रतींत. (बोट मित्राची असती तर त्याचं अधिकारपत्रही लागलं असतं.)

तोवर डोलकाठीवर पिवळा क्यू झेंडा, म्हणजे प्रवेशाची परवानगी अजून बाकी असल्याची खूण, आणि कप्तान सोडून कुणी उतरायचं नाही. लेक रेलिंगला टेकून धक्क्यावरचं मांजर बघत बसली.

शिक्का पडला. पिवळा उतरवून यजमान देशाचा झेंडा चढवला. उलटा लागल्याचं शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी सांगितलं.