टायटॅनियमवर फीड कमी करू नका

आयटीआय करून भोसरीच्या आमच्या शॉपवर आलेली मुलं टायटॅनियमचा पहिला जॉब लावला की हमखास म्हणतात, "सर, मटेरियल लई हार्ड आहे." तसं ते नाही. ग्रेड ५, म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवालं टायटॅनियम, कडकपणाच्या मापावर साधारण ३६ रॉकवेल भरतं. शेजारच्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशिनवर) आम्ही ५० रॉकवेलच्या डाय स्टीलचं मिलिंग करतो. मग इन्सर्टची, म्हणजे टूलवर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार इथेच का बसते?

तापामुळे. साधं स्टील उष्णता वाहून नेतं ५० वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास; ग्रेड ५ जेमतेम ७. स्टील कापताना बराचसा ताप चिपबरोबर, म्हणजे सुटणाऱ्या किसाबरोबर, निघून जातो, इथे तो धारेवरच साचतो. त्यात तापलेलं टायटॅनियम टूलच्या कार्बाइडला चिकटतं आणि सुटताना धारेचे कण उपटून नेतं.

म्हणून स्पीड, म्हणजे धार मटेरियल कापत जाण्याचा वेग, उतरवायचा. रफिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जाड कटला, कार्बाइडवर मी मिनिटाला ५०-६० मीटरच्या वर जाऊ देत नाही. फीड, म्हणजे टूल जॉबमध्ये पुढे सरकण्याचा वेग, मात्र सोडायचा नाही, आणि हेच पटवून देणं सगळ्यात अवघड. आवाज जरा बदलला की ऑपरेटरचा हात फीड कमी-जास्त करायच्या ओव्हरराइड नॉबवर जातो. फीड घटला की टूल कापायचं सोडून घासायला लागतं. घासलं की ताप वाढतो, वरचा थर कडक होतो आणि पुढच्या कटला त्याच थरातून जावं लागतं. कट चालू असताना फीड होल्ड दाबून टूलचं सरकणं थांबवणं तर मला अजिबात चालत नाही. आवाज खटकला तर स्पीड कमी करा, ओव्हरहँग (टूल होल्डरबाहेर किती लांब आहे ते) तपासा, धार बघा.

पातळ भिंतीचं दुखणं वेगळं. टायटॅनियम स्टीलच्या मानाने जवळपास निम्मंच ताठ. भिंत टूलपासून लांब वाकते, टूल गेलं की परत येते आणि माप जास्त भरतं. तिथे धारदार पॉझिटिव्ह टूल (धारेपासून मागे उतरता चेहरा असलेलं) आणि क्लाइंब मिलिंगच (कटरची धार ज्या दिशेने कापते त्याच दिशेने जॉब सरकवणं) लावायचं.

बारीक कीस मशिनमध्ये साचू द्यायचा नाही, तो पेटतो. पेटलाच तर पाणी मारायचं नाही: जळतं टायटॅनियम पाण्यातून हायड्रोजन सोडवतं आणि भडका वाढतो. मशिनशेजारी धातूच्या आगीसाठीचा डी क्लासचा एक्स्टिंग्विशर आणि वाळूची झाकण असलेली बादली हवीच. पावसाळ्यात ती वाळू कोरडी आहे ना, हे शिफ्ट सुरू होण्याआधी हात घालून बघायचं.