कार्लसनचे हत्तीचे एंडगेम, नोंद ४ : चेन्नई २०१३, डाव सहावा

या खेपेला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपद सामन्यातला १६ नोव्हेंबर २०१३चा डाव. आनंद पांढरा, कार्लसन काळा, रुय लोपेझ या ओपनिंगचा (सुरुवातीच्या चालींचा) बर्लिन प्रकार, ४. डी३. ओपनिंगवर वेळ घालवू नका. आपल्या कामाचा डाव चाळिसाव्या चालीला वजीर गेले तिथून सुरू होतो.

काळ्याचं एक प्यादं जास्त, पण निव्वळ तेवढ्यावर हत्तीचा एंडगेम (राजा, हत्ती आणि प्यादी एवढंच उरलेला शेवटचा टप्पा) जिंकता येत नाही. पुढे आनंदने एच-प्यादं सोडलं तेव्हा फरक दोनाचा झाला. कार्लसनने ते दोन्ही, बी५ आणि सी४, परत देऊन टाकले आणि तेवढ्यात राजा थेट ई३ला नेला. प्यादी मोजणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो.

५९...एफ४ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) नंतरची स्थिती पटावर मांडा. पांढरा : राजा एच२, हत्ती सी४, प्यादी बी२, सी३, जी२. काळा : राजा ई३, हत्ती जी३, प्यादी एफ४, एच४, एच६. चाल पांढऱ्याची. प्यादी तीन-तीन.

आनंद ६०. हत्ती ए४ खेळला आणि डाव गेला. ६०. बी४ने बरोबरी होती. तेच प्यादं डावात ६४व्या चालीला हललं, चार चाली उशिरा.

आता ६०...एच३! राजाला ते मारता येत नाही, कारण त्याला जी३च्या हत्तीचा जोर (संरक्षण) आहे; हत्तीही मारता येत नाही, त्याला एफ४चा जोर. म्हणून ६१. जीxएच३ हत्ती जी६. जी-पट्टी (जी अक्षराची उभी रांग) मोकळी झाली, पांढरा राजा एच-पट्टीत कोंडला गेला आणि एच६ला जोरही मिळाला. अख्ख्या डावातली सगळ्यात सुंदर चाल हीच.

सरावात बहुतेक जण चुकतात ते शेवटी, ६७. हत्ती ए८ नंतर. काळा राजा एफ४, प्यादं एफ२. हात शिवशिवतो, पण ६७...एफ१ वजीर केला की हत्ती एफ८ शह, राजा हलतो, वजीर जातो. कार्लसन ६७...हत्ती जी१ खेळला. एफ२च्या जोरामुळे राजाला तो मारता येत नाही. पुढे खेळलं असतं तर : ६८. हत्ती एफ८ शह, राजा ई३, ६९. हत्ती ई८ शह, राजा डी३, ७०. हत्ती डी८ शह, राजा सी४चं पांढरं प्यादं मारून निसटतो. आनंदने ६७...हत्ती जी१ नंतरच डाव सोडला. सामन्याचे गुण कार्लसन ४, आनंद २.

सराव : दोघांनी १५-१५ मिनिटं लावून ६०. बी४ खेळून पाहा, मग बाजू बदला. इंजिन नंतर उघडा.