नुसते ओठ हलवा

मंगळवार, रात्री

"तुम्ही मागे उभ्या राहा, आणि नुसते ओठ हलवा." आज आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या समूहगानाच्या सरावात माईंना असं सांगण्यात आलं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बोलण्यात आर्जवच होतं. माईंनी मान डोलावली, खुर्ची मागे सरकवली आणि पुढचं कडवं सुरू झालं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मला मात्र ते वाक्य सोडत नाहीये.

1 ऑक्टोबरची स्पर्धा जवळ आली आहे, सात मिनिटांत दोन गाणी बसवायची आहेत, मान्य. पण ज्येष्ठ नागरिक संघाच्या समूहगानात ओठ हलवायला माणूस कशाला येईल? चार जिने उतरून, रिक्षा करून, गुडघ्याला पट्टा बांधून? सत्तरीनंतर घरात आपल्या आवाजाची गरज तशीही कमी होत जाते. टीव्ही बोलतो, फोन बोलतो, आपण "हो" आणि "नको" एवढ्यावर दिवस काढतो. आठवड्यातून दोनदा तो आवाज मोकळा करायची एक जागा असते, आणि तिथेही... ते जाऊ दे.

माईंचा आवाज वरच्या सुरांत फाटतो. का फाटतो हे आधी बघायला नको का?

वय वाढलं की स्वरयंत्रातल्या पट्ट्यांचे स्नायू बारीक होतात, कडेची लवचीकता कमी होते आणि त्या नीट मिटत नाहीत. मधल्या फटीतून हवा निसटते. म्हणून आवाज हवेशीर होतो, कापतो आणि ओळ संपायच्या आत श्वास संपतो. यात एक गंमतीची गोष्ट घडते. पाळी गेल्यानंतर बायकांच्या पट्ट्या किंचित जाड होतात आणि आवाज खाली येतो. पुरुषांच्या पट्ट्या उतारवयात पातळ होतात आणि त्यांचा आवाज थोडा वर चढतो. म्हणजे तिशीत बाईची काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी, तोच तिचा सा) आणि पुरुषाची काळी एक यांत जेवढं अंतर असतं, तेवढं सत्तरीत उरत नाही. मिश्र समूहासाठी ही केवढी सोय आहे! पण आपण गाण्याची पट्टी धरतो ती तिशीतलीच. मुख्य गायिकेची काळी चार, म्हणून सगळ्यांची काळी चार. त्यात अंतऱ्याचा सूर तार मध्यमाला (वरच्या सप्तकातल्या म ला) गेला की निम्म्या बायका गप्प होतात किंवा किंचाळतात. माईंचं किंचाळणं ऐकू आलं. बाकीच्या आधीच गप्प झाल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

पट्टी ठरवायची रीत अगदी सोपी आहे. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर आधी शोधायचा. मग वरचा सूर पेटीवर धरून प्रत्येकाला तो "आ"कारात हळू लावायला सांगायचा, जोर न लावता. जिथे तीन-चतुर्थांश मंडळी आरामात पोचतात, तिथून मोजत "सा"पर्यंत खाली यायचं आणि तिथे षड्ज, म्हणजे तो सा, ठेवायचा. आमच्यासारख्या गटाला पांढरी चार जवळपास नेहमी बसते, म्हणजे काळी चारच्या तीन पट्ट्या खाली. तिथे मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) बायकांना पेलत नाही, ऐकूच येत नाही. त्या खालच्या ओळी पुरुषांना द्याव्यात, अंतरा बायकांनी उचलावा आणि पुरुषांनी तिथे एक सप्तक खाली राहावं. वादकांची कुरकुर होते. स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी) पेटी नसेल तर बोटांची सवय बदलावी लागते, आणि काळी चारचा तबला तीन पट्ट्या उतरवला तर त्याचा नाद मरतो, दुसरा तबलाच आणावा लागतो. पण वादक दोन आणि गाणारे वीस, हे लक्षात ठेवायला हवं.

यूट्यूबवरून सराव करू नका असंही सांगायला हवं. पार्श्वगायिकेच्या मूळ पट्टीवर घरी घसा ताणून येतात आणि सरावाला पोचेपर्यंत आवाज बसलेला असतो. त्यापेक्षा आपल्याच पट्टीत, संथ लयीत, एक पेटी आणि एक आवाज एवढंच फोनवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाकावं. सकाळच्या हास्यक्लबवाल्यांनाही एक सांगायचं आहे. हास्यक्लब चांगलाच, डॉ. मदन कटारियांनी 1995 साली मुंबईतच तो पाच जणांना घेऊन सुरू केला आणि आज तो जगभर आहे. पण ज्या दिवशी संध्याकाळी गायचं, त्या दिवशी घशातून ओरडून हसू नये.

पुन्हा त्या वाक्याकडे येते. नुसते ओठ हलवा. ते ऐकल्यावर माई कागदात बघत राहिल्या. मग मला तो कागदच दिसायला लागला. बारीक टाइप, चकचकीत कागद, ट्यूबलाइटची तिरीप. डोळ्यावर बायफोकल. जवळचं वाचायचं तर भिंगाच्या खालच्या भागातून बघावं लागतं. कागद मांडीवर असेल तर हनुवटी छातीला टेकते. हनुवटी खाली गेली की घसा दबतो, जबडा उघडत नाही, आणि वरचा सूर लागायच्या ऐवजी चिरकतो. याला वय काय करणार? कागद छातीच्या उंचीवर धरला, किंवा समोर स्टँड ठेवला, तर मान सरळ राहते. टाइप 20 चा हवा, कागद जाड आणि बिनचमकीचा. एका ओळीत तेवढेच शब्द, जेवढे एका श्वासात म्हणता येतात. ओळ मोडायची ती श्वासाच्या जागी, छपाईच्या सोयीने नाही. घड्याळ लावून बघावं, आठ सेकंदांपेक्षा लांब ओळ असेल तर ती मध्ये तोडायचीच. लांब धरायचा सूर असेल तर शेजाऱ्याशी ठरवून आळीपाळीने श्वास घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो.

कानाचं तर कुणी लक्षातच घेत नाही. वयाने ऐकू कमी येतं ते आधी उंच सुरांचं. त्यात स, श, त, थ ही अक्षरं हरवतात, म्हणून शब्द चुकतात आणि आपण म्हणतो, पाठांतर नाही. कानातली यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. त्यांत शिट्टी दाबायची सोय असते, आणि पेटीचा लांब सूर हीच शिट्टी आहे असा त्या यंत्राचा समज होतो. मग ते सूर दाबायला जातं आणि माणसाला पेटी थरथरल्यासारखी, बेसूर ऐकू येते. त्याच्यावर बेतून माणूस गाणार, तर बेसूरच गाणार! यंत्र बसवून देणाऱ्याकडून संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम करून घेता येतो, बऱ्याच यंत्रांत तो असतो. तोवर अशा व्यक्तीला पहिल्या रांगेत, चांगला कान पेटीकडे येईल असं बसवायचं. मागच्या रांगेत तर अजिबातच नाही. अर्धवर्तुळ करून बसलं की सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं. शाळेसारख्या रांगा कुणी सुरू केल्या कोण जाणे.

आणि टाळ. वीस माणसांत सहा जोड्या टाळ म्हणजे गाणं संपलंच. लय चढत जाते, आवाज टाळाच्या वर काढायला प्रत्येक जण ओरडतो. एक जोडी पुरे.

लिहिता लिहिता माझा राग जरा खाली बसला. आधी वाटत होतं, उद्या हेच वाक्य आपल्यालाही ऐकावं लागणार. लागेलही. आवाज उतरणार हे खरंच आहे, आणि वीस आवाजांत एखादा सुरात न बसणारा असणार हेही खरं. त्याचं वाईट वाटून घेण्यात संध्याकाळ गेली. पण त्याला उपाय आपल्याच मातीत आहे. शाहिराच्या मागे झील धरणारे असतात. त्यांना पोवाड्याचं प्रत्येक वळण घ्यावं लागत नाही, ते शेवटचा सूर उचलतात आणि लांबवतात. त्यांच्याशिवाय पोवाडा उभा राहत नाही. भजनात बुवा ओळ सांगतात, बाकीचे ती परत म्हणतात. त्यात श्वासाला विसावा मिळतो, शब्द पुन्हा कानावर पडतात, विसरलेलं सावरता येतं. ज्याचा आवाज पाचच सुरांत चालतो, त्याला षड्ज-पंचमाची आस (मागे लांबवलेला सूर) धरायला द्यावी, ध्रुवपदाची ओळ द्यावी, भारुडातला बोलण्याचा तुकडा द्यावा. माईंचा बोलण्याचा आवाज काय खणखणीत आहे! भारुडात एक बोलकी भूमिका त्यांना दिली तर पहिल्या रांगेतल्या दहा जणांवर भारी पडतील.

सुरुवातीची दहा मिनिटंही कुणी वगळू नयेत. ओठ मिटून गुणगुणणं, मग सा ते प आणि परत, अर्ध्या आवाजात. त्याहून चांगला प्रकार म्हणजे ग्लासात पाणी घेऊन, स्ट्रॉ दोनेक बोटं बुडवून, त्यातून बुडबुडे काढत "ऊ" सूर लावायचा, दोन-तीन मिनिटं. पाण्याच्या दाबामुळे स्वरयंत्रातल्या पट्ट्या जोर न लावता जुळतात. सुरुवातीला हसू येतं, पण नंतरचा आवाज स्वतःलाच वेगळा ऐकू येतो. दर पंधरा मिनिटांनी घोटभर कोमट पाणी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला जास्त होते आणि घसा कोरडा पडतो. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना सुका खोकला लागतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगितलं तर ते बदलून देतात. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर आवाज घोगरा होतो. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर सुंठ-मध सोडून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. सरावात तिसरं गाणं उभ्याने नको. खुर्ची बिनहाताची, पाय जमिनीला टेकतील अशी, आणि उठताना सावकाश.

संघात गाण्याला औषध म्हणतात. मला तो शब्द जपून वापरावासा वाटतो. अमेरिकेत जीन कोहेन यांनी वॉशिंग्टनमध्ये ऐंशीच्या आसपासच्या लोकांच्या गायनगटाचा अभ्यास केला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर गाणाऱ्यांच्या डॉक्टरांकडच्या खेपा आणि पडणं न गाणाऱ्यांच्या मानाने कमी होतं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत ज्येष्ठांच्या 12 केंद्रांत 390 जणांवर आणखी काटेकोर अभ्यास झाला. त्यात स्मरणशक्ती किंवा शरीराची ताकद यांत मोठा फरक दिसला नाही. दोन गोष्टी मात्र बदलल्या, एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. म्हणजे गाण्यातून मिळतं ते हे. आणि हे ओठ हलवणाऱ्याला कसं मिळणार? एकटेपणा जातो तो आपला आवाज दुसऱ्यांच्या आवाजात मिसळल्यावर. नुसतं त्यांच्या शेजारी उभं राहून, गाण्याचं सोंग आणून, तो आणखी वाढतो. हे मला संध्याकाळपासून बोलायचं होतं आणि सरावात बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते... असो.

कॅरम, सहल, आरोग्य तपासणी, वाढदिवस, विरंगुळा केंद्रातली वाचनाची दुपार, हे सगळं असावंच. पण त्यात कुणी उतरतं, कुणी बघत बसतं आणि दोन्ही चालतं. समूहगानात बघत बसणाऱ्याला जागा नाही. म्हणून तिथे जागा करून देण्याचं काम बसवणाऱ्याचं.

गुरुवारी अर्धा तास आधी जायचं ठरवलंय. खुर्च्या अर्धवर्तुळात लावायच्या, तानपुऱ्याचं अॅप पांढरी चारवर लावून ठेवायचं, सगळ्यांनी वरचा सूर एकेकट्याने लावायच्या ऐवजी तीन-तीन जणांनी लावायचा, म्हणजे कुणाला उघडं पडल्यासारखं वाटणार नाही. दुसरं गाणं बदलून भारूड घ्यावं असं सुचवणार आहे, सात मिनिटांत बसतं. स्पर्धेच्या नियमांत वाद्यांची अट आहे, पट्टीची नाही. माइक एकाच्या हातात न देता स्टँडवर, पहिल्या रांगेपासून दोन हात पुढे, नाहीतर वीस जणांचं गाणं एकाचंच ऐकू येतं. कागद उद्या सकाळी छापून आणते. तबलजींना मात्र आजच फोन करायला हवा, दुसरा तबला त्यांच्या धाकट्या भावाकडे आहे आणि तो आठ दिवस गावाला जातोय.